अंकांतून उमटणारी डरकाळी

वर्धा जिल्ह्यांत दिवाळी सरून थंडी पडूं लागली, कीं शेतकऱ्याचें अंथरूण घरांतून शेतांत जातें. कपाशीचीं बोंडें फुटत असतात, तुरीला शेंगा धरूं लागतात, हरभरा मातींतून नुकताच वर आलेला असतो. आणि नेमक्या ह्याच दिवसांत अंधार पडतांच रानडुकरांचे कळप नाल्याकांठच्या झुडपांतून बाहेर पडतात. सेलू, आर्वी, कारंजा, आष्टी ह्या तालुक्यांत, विशेषतः बोरच्या जंगलाला लागून असलेल्या गांवांत, धुऱ्यावर मचाण बांधून रात्र काढणें, ज्याला तिकडे 'जागल' म्हणतात, ही कांहीं नवी गोष्ट नव्हे. डबा बडवावा, बत्तीचा झोत फिरवावा, 'हो, हो' अशी लांबट आरोळी ठोकावी आणि पुन्हां घोंगडी अंगावर ओढून बसावें. डोळा लागला, तर तेवढा तास कळपाला पुरतो. एक कळप एका रात्रींत जितकें खातो, त्याहून पुष्कळ अधिक उकरून व तुडवून टाकतो.

ह्या जागलीचा थकवा माणसाला भलत्या उपायाकडे नेतो. कोणी घरगुती विजेची तार कुंपणाला जोडून ठेवतो. असें करणें कायद्यानें गुन्हा आहे. आणि त्या तारेला डुक्कर, शेजाऱ्याचा बैल व पहाटे ओलिताला निघालेला माणूस ह्यांतील भेद कळत नाहीं. बोर हें १९७० पासून अभयारण्य व २०१४ पासून व्याघ्रप्रकल्प आहे. ब्रह्मपुरी भागांत पकडून ह्या जंगलांत आणून सोडलेली एक वाघीण ऑक्टोबर २०१७ मध्यें वर्धा जिल्ह्यांतील अशाच एका कुंपणाला लागून मेली. माणसांवरील हल्ल्यांमुळें तिला ठार मारण्याचा हुकूम निघालेला होता. परंतु बंदुकीची गोळी तिच्यापर्यंत पोंचण्यापूर्वींच शेतांतली तार तिच्या वाटेंत आली. सौरशक्तीवर चालणारें 'झटका मशीन' हा प्रकार अर्थातच वेगळा. तें सेकंदाला सुमारें एक, अत्यंत अल्पकाळ टिकणारा धक्का देतें आणि त्यानें जनावर दचकून मागें फिरतें, मरत नाहीं. पण त्यासाठीं शेताच्या चहूं बाजूंनीं तारा ओढाव्या लागतात, आणि खालचें गवत वाढून तारेला टेकलें कीं धक्क्याचा जोर ओसरतो.

म्हणून तिसरा एक उपाय पुढें आला आहे, तो आवाजाचा. खांबावर एक भोंगा, त्याच्या वर लहानशी सोलर प्लेट, खालीं बॅटरी आणि एका डबींत चार बोटें रुंदीची इलेक्ट्रॉनिक पट्टी. अंधारांत हालचाल झाली, कीं भोंग्यांतून कुत्र्यांचें भुंकणें, फटाक्यांचा आवाज किंवा वाघाची डरकाळी बाहेर पडते. डबी उघडून पाहणाऱ्याला आंत ना फीत दिसते, ना तबकडी. आंत केवळ आंकडे सांठविलेले असतात. आंकड्यांची डरकाळी होते कशी, आणि ती डुकराला खरोखर डरकाळीच वाटते काय, हे दोन प्रश्न वरवर पाहतां निरनिराळे दिसतात. पहिल्याचें उत्तर नीट समजल्यावांचून दुसऱ्याचें सांपडत नाहीं.

ध्वनि म्हणजे हवेच्या दाबाचें अत्यंत जलद असें कमीअधिक होणें. मायक्रोफोन हें कमीअधिक होणें विजेच्या दाबांत उतरवितो. हा दाब अखंडपणें बदलत असतो. तंबोऱ्याची तार छेडली असतां ती एका जागेवरून उडी मारून दुसऱ्या जागीं जात नाहीं. मधल्या प्रत्येक स्थानांतून तिला जावें लागतें. अशा अखंड बदलणाऱ्या राशीला ॲनालॉग म्हणतात. उलट, संगणकाजवळ आंकड्यांवांचून दुसरें कांहींच नसतें. तेव्हां तो एकच गोष्ट करूं शकतो: ठराविक अंतरानें त्या दाबाचें माप घ्यावयाचें आणि तें टिपून ठेवावयाचें. तापकऱ्याचा ताप दर तासाला पाहून कागदावर मांडतात, त्यांतलाच हा प्रकार; फक्त येथें तासाच्या ऐवजीं सेकंदाचा आठहजारावा भाग असतो. ॲलेक रीव्ह्ज ह्या इंग्रज इंजिनिअरनें ही कल्पना १९३७ सालीं पॅरिसमध्यें काम करीत असतां मांडली. त्या वेळच्या व्हॉल्व्हच्या यंत्रांना ती पेलण्याजोगी नव्हती. पुढें टेलिफोनच्या जगानें तीच उचलली व सेकंदाला ८,००० मापें, प्रत्येक माप आठ बिटांचें, हें तिचें प्रमाण ठरून गेलें. आज घरांतल्या मोबाईलमधून जें जें बोलणें व गाणें कानीं पडतें, तें सर्व ह्याच वाटेनें आलेलें असतें; मापें अधिक दाट व अधिक बारीक असतात एवढेंच.

आतां उलट बाजू. आंकड्यांवरून विजेचा दाब पुन्हां निर्माण करणारें जें उपकरण, त्याला डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर म्हणतात. येथें त्याला नुसतें 'परिवर्तक' म्हटल्यास चालेल. त्याचें काम समजण्यास जुन्या वाण्याच्या दुकानांत गेलेलें बरें. शेर, अच्छेर, पावशेर, नवटांक आणि छटाक अशीं पांच वजनें तेथें असत व प्रत्येक वजन आधीच्याच्या निम्में असे. हीं पांचच वजनें, प्रत्येक एकेकदांच वापरून, एका छटाकापासून एकतीस छटाकांपर्यंतचें कोणतेंहि वजन जुळवितां येतें. कोणतें वजन पारड्यांत टाकावयाचें व कोणतें बाहेर ठेवावयाचें, एवढाच प्रश्न असतो. आठ बिटांच्या परिवर्तकांत अशींच आठ वजनें असतात आणि त्यांतून शून्य ते २५५ अशा २५६ पायऱ्या मिळतात. पुष्कळ परिवर्तकांत हीं वजनें म्हणजे विजेच्या वाटेंत घातलेल्या रोधांची एक शिडी असते. तींत दोनच मापांचे रोध लागतात, एक ठराविक आणि दुसरा त्याच्या दुप्पट.

येथें वाण्याची लबाडीहि आठवावी. शेराचें वजन जर दोन छटाकांनीं खोटें असेल, तर अच्छेर, पावशेर, नवटांक व छटाक मिळून होणाऱ्या पंधरा छटाकांनंतर गिऱ्हाइकानें सोळावा छटाक मागितला कीं चारहि वजनें उतरून शेर चढतो आणि माल वाढण्याऐवजीं कमी होतो. परिवर्तकांतील सर्वांत मोठें 'वजन' थोडेंसें खोटें निघालें तर १२७ वरून १२८ वर जातांना नेमकें हेंच घडतें: दाब वर जाण्याऐवजीं किंचित् खालीं उतरतो. आणि ही जागा नेमकी मध्यावर पडते, जेथून प्रत्येक तरंगाला वर व खालीं जातांना ओलांडावें लागतें. म्हणून मंद आवाजांत हा दोष खरखरीच्या रूपानें अधिक जाणवतो.

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपेवर बसविलेला लहानसा संगणक. धुण्याच्या यंत्रांत, दारावरच्या घंटींत, मोटारींत तो निमूटपणें राबत असतो. सर्वांच्याच पोटांत परिवर्तक असतो असें नाहीं. शाळा-कॉलेजांतील मुलांच्या हातीं जें आर्डुइनो उनो दिसतें त्याच्या चिपेंत तो नाहीं; तेथें वीज झपाट्यानें चालूबंद करून सरासरीनें काम भागवितात. ईएसपी-३२ ह्या २०१६ सालीं आलेल्या चिपेंत आठ बिटांचे दोन परिवर्तक आहेत. ती ३.३ व्होल्टवर चालते. म्हणजे एक पायरी सुमारें १३ मिलिव्होल्टची झाली. बारा बिटांचा परिवर्तक असलेल्या चिपाहि मिळतात. त्यांत पायऱ्या ४,०९६ आणि एकेक पायरी एका मिलिव्होल्टहूनहि लहान.

डरकाळीसारखा गुंतागुंतीचा आवाज आधीं टिपूनच ठेवावा लागतो. पण शिटीसारखा शुद्ध सूर काढावयाचा असेल तर टिपण्याचें कारण नाहीं. तो कोष्टकावरून काढतां येतो. शुद्ध सुराचा आलेख म्हणजे ज्येचा, हल्लीं ज्याला साइन म्हणतात त्याचा, आलेख. हें कोष्टक ह्या देशाला परकें नाहीं. आर्यभटानें इ. स. ४९९ च्या आपल्या ग्रंथांत वर्तुळाच्या चौथ्या भागाचे चोवीस समान हिस्से पाडून प्रत्येकाची ज्या दिली आहे, आणि तीहि सरळ न देतां लागोपाठच्या दोन ज्यांमधील फरकाच्या रूपानें दिली आहे: २२५, २२४, २२२, २१९ अशी सुरुवात होऊन शेवटचा फरक अवघा ७ उरतो. ह्या सर्वांची बेरीज ३,४३८, म्हणजे त्यानें धरलेली त्रिज्या. चिपेसाठीं आज्ञावली लिहिणारा आजचा इंजिनिअर हीच काटकसर करतो. चतुर्थांश तेवढा सांठवून ठेवावा. दुसरा चतुर्थांश म्हणजे पहिलाच उलटा वाचलेला, आणि उरलेला अर्धा म्हणजे पहिल्या अर्ध्याचें चिन्ह पालटलेलें.

समजा, पूर्ण आवर्तनाचे २५६ आंकडे कोष्टकांत आहेत आणि सेकंदाला ८,००० आंकडे परिवर्तकाकडे पाठवावयाचे आहेत. एकामागून एक असे पाठविले तर आवर्तन सेकंदांत सव्वाएकतीस वेळां पुरें होईल. हा सूर फारच खालचा. प्रत्येक वेळीं आठ आठ घरें पुढें गेलें, तर २५० आवर्तनें होतील. पेटीच्या पांढरी एकचा षड्ज २६१.६ च्या आसपास असतो. त्यासाठीं दर खेपेस ८.३७ घरें पुढें जावें लागेल. घर तर अपूर्णांकांत नसतें! मग आज्ञावली अपूर्णांकाचा हिशेब मनाशीं ठेवीत जाते आणि जवळचें पूर्ण घर वाचते. राहिलेला अंश पुढच्या खेपेच्या खात्यांत जमा होतो. बहुतेक खेपांना आठ घरांची उडी, मधूनमधून नऊ घरांची. सूर मात्र सरासरीनें बिनचूक लागतो.

नवशिक्याची चूक बहुधा आंकड्यांत नसते, वेळेंत असते. तो आज्ञावलींत लिहितो: आंकडा पाठवावा, थोडें थांबावें, पुढचा आंकडा पाठवावा. पण त्याच चिपेला हालचाल झाली काय हें पाहावयाचें असतें, बॅटरी तपासावयाची असते, सांठ्यांतून पुढचे आंकडे आणावयाचे असतात. ह्या कामांत गुंतली कीं एखादा आंकडा उशिरा जातो. आंकडा बरोबर, पण क्षण चुकलेला. मृदंग्याचा हात कितीहि गोड असो, मात्रा मागेंपुढें पडली कीं तो गोडवा वायां जातो. त्यांतलीच ही गत. तरंगाचा आकार मोडतो व आवाज फाटल्यासारखा येतो. ह्यावर उपाय असा, कीं क्षण मोजण्याचें काम चिपेंतील स्वतंत्र घड्याळाकडे द्यावें व आंकडे वाहून नेण्याचें काम डायरेक्ट मेमरी ॲक्सेस नांवाच्या वेगळ्या वाहकाकडे. तेथें दोन घागरी ठेवलेल्या असतात असें म्हणतां येईल. वाहक एक रिकामी करीत असतां मुख्य भाग दुसरी भरून ठेवतो. भरणारा थोडा मागेंपुढें झाला तरी धार तुटत नाहीं.

इतकें सर्व नीट जुळलें तरी परिवर्तकांतून जें निघतें त्याला तरंग म्हणवत नाहीं. तो जिना असतो. एक आंकडा आला कीं दाब त्या पायरीवर जातो आणि पुढचा आंकडा येईपर्यंत तेथेंच थांबतो. सुशिक्षित माणसाच्या मनांत येथें हटकून शंका येते, कीं दोन आंकड्यांच्या मधला भाग तर टिपलाच गेला नाहीं. मग तो परत कोठून येणार? ह्या शंकेचें उत्तर गणितानें दिलेलें आहे. हॅरी नायक्विस्ट ह्यानें १९२८ मध्यें त्याचा पाया घातला आणि क्लॉड शॅनन ह्यानें १९४९ मध्यें तें सिद्धतेसह मांडलें. मूळ आवाजांत सेकंदाला ४,००० हून अधिक आवर्तनांचा अंश मुळींच नसेल, तर ८,००० मापांत तो संपूर्ण सांठविला जातो. मधला भाग अंदाजानें भरावा लागत नाहीं, त्या मापांतून जाणारी तेवढी एकच वाट असते. अट मात्र दुहेरी आहे. टिपतांना ४,००० च्या वरचें कांहीं आंत येऊं देतां कामा नये, आणि ऐकवितांना ४,००० च्या वरचें कांहीं बाहेर जाऊं देतां कामा नये.

ही दुसरी अटच स्वस्तांतल्या यंत्रांत बहुधा पाळली जात नाहीं. जिन्याच्या कंगोऱ्यांत मूळ सुराच्या सावल्या लपलेल्या असतात. १,००० हर्ट्झचा सूर ८,००० मापांनीं काढला, तर जिन्यांत त्याच्याबरोबर ७,००० व ९,००० हर्ट्झचेहि सूर येतात. त्यांचा जोर मूळ सुराच्या अनुक्रमें सातव्या व नवव्या हिश्शाइतका. त्यांच्याहि वर १५,००० व १७,०००, आणि मग २३,००० व २५,०००, अशी ही पावलें क्षीण होत पुढें जात राहतात. त्यांना अडविण्यासाठीं परिवर्तकानंतर गाळणी घालतात. सर्वांत साधी गाळणी एक रोध व एक कंडेन्सर मिळून होते. रांजणांत वरून कळशांनीं धसाधसा पाणी ओतलें तरी तळच्या बारीक तोटींतून येणारी धार त्या मानानें संथ असते. कंडेन्सर हा विजेचा रांजण समजावा. ४,७०० ओमचा रोध व १० नॅनोफॅरडचा कंडेन्सर घेतला तर सुमारें ३,४०० हर्ट्झच्या वरचें गळूं लागतें. पण एका गाळणीनें भागत नाहीं: ७,००० हर्ट्झची सावली तींतून निम्म्याहून थोडी कमी होऊन निघते, इतकेंच. दोनतीन गाळण्या एकीपुढें एक लावाव्या, किंवा मापेंच अधिक दाट घ्यावीं, म्हणजे सावल्या दूर जातात व सहज अडवितां येतात.

आणखी एक बारीकशी गोष्ट. परिवर्तकाला शून्याखालीं जातां येत नाहीं, म्हणून तरंगाचा मध्य १२८ ह्या पायरीवर धरतात. शांतता म्हणजे शून्य नव्हे, १२८. हें विसरून यंत्र शून्यावरून एकदम सुरू केलें, तर भोंग्यांतून आधीं 'ठक्' असा आवाज येतो आणि मग डरकाळी. माणसाला तो क्षुल्लक वाटतो. जनावराला मात्र चारदोन रात्रींत कळून चुकतें, कीं ह्या वाघाला डरकाळीपूर्वीं ठक् करण्याची खोड आहे!

येथून प्रश्न विजेच्या हातून निघून कानाच्या हातीं जातो. यंत्र बनविणारा आवाजाची पारख स्वतःच्या कानानें करतो. माणसाच्या ऐकण्याची मर्यादा २० ते २०,००० हर्ट्झ अशी धरतात, आणि वय वाढतें तशी वरची हद्द खालीं येते. डुकराचा कान निराळा. पाळीव डुकरांवरील प्रयोगांत त्यांना सुमारें ४२ हर्ट्झपासून ४०,५०० हर्ट्झपर्यंत ऐकूं येतें असें आढळलें आहे. आणि रानडुक्कर व पाळीव डुक्कर एकाच जातीचे आहेत. म्हणजे गाळणी अपुरी असेल आणि भोंग्याची चकती ते बारीक सूर बाहेर टाकूं शकत असेल, तर माणसाला जी डरकाळी स्वच्छ वाटते, तिच्या भोंवतीं डुकराला एक तीक्ष्ण किणकिण ऐकूं येत असते. खऱ्या वाघाच्या गळ्यांतून अशी किणकिण कधींच निघालेली नाहीं. माणसाच्या कानाला पुरेल एवढीच गाळणी येथें अपुरी पडते.

खालच्या टोकाची उणीव तर ह्याहून मोठी आहे. वाघाच्या डरकाळीचा बहुतेक जोर कांहीं शें हर्ट्झच्या खालच्या पट्ट्यांत असतो. तिचा कांहीं अंश तर १८ हर्ट्झच्याहि खालीं उतरतो, जो डुकराच्या व माणसाच्या श्रवणाच्या पलीकडचा आहे. खांबावर लावलेला वीतभर तोंडाचा भोंगा तीनशें हर्ट्झच्या खालीं जवळजवळ मुका होतो. परिवर्तक बारा बिटांचा घ्या कीं सोळा बिटांचा, आंकडे कितीहि अचूक असोत, पत्र्याच्या त्या लहान तोंडाला तेवढी हवा हलवितांच येत नाहीं. उरतो तो डरकाळीचा वरचा, घोगरा भाग. जणूं पखवाजाची धुमाळी काढून घेऊन नुसती शाई ऐकवावी. बोरच्या कांठीं राहणाऱ्या डुकरानें खरा वाघ ऐकलेला असतो. त्याला ही नक्कल किती दिवस फसवील?

शिवाय त्या भागांत वाघाचा आवाज वाजविण्यांत दुसराहि धोका आहे. रात्रीं उशिरा सायकलवरून गांवाकडे परतणाऱ्याला तो आवाज भोंग्याचा कीं वाघाचा हें कसें कळावें? आणि आज भोंग्याचा समजून ज्याकडे दुर्लक्ष केलें, तो उद्यां खरा असला तर?

आवाजाचा उपाय म्हणून निरुपयोगी आहे, असें मात्र नव्हे. विवेक थुप्पिल व रिचर्ड कॉस ह्यांनीं दक्षिण भारतांत पिकांवर येणाऱ्या रानटी हत्तींच्या वाटेवर अदृश्य अवरक्त किरणांचा अडसर ठेवून, हत्ती तो ओलांडतांच वाघाची किंवा बिबट्याची गुरगुर वाजेल अशी योजना केली होती. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निरीक्षणाप्रमाणें वाघाची गुरगुर ऐकून हत्ती चुपचाप मागें फिरले; बिबट्याची ऐकून मात्र आधीं चिडून आवाज करीत राहिले व मग परतले. ह्यांत घेण्यासारखी गोष्ट ही, कीं आवाज रात्रभर वाजत नव्हता. जनावर आलें तरच, आणि तें आलें त्याच क्षणीं वाजत होता. तासातासाला वाजणारा भोंगा हा जनावराच्या दृष्टीनें देवळाच्या घंटेसारखा होऊन जातो. मायक्रोकंट्रोलरचा खरा उपयोग येथें होतो. उष्णता व हालचाल ओळखणाऱ्या संवेदकाकडून खूण मिळेपर्यंत तो झोंपून राहतो, त्यामुळें बॅटरी टिकते. आणि जाग आल्यावर दहाबारा आवाजांतून एखादा स्वैरपणें निवडतो, कधीं दोन क्षण थांबून, कधीं लगेच, कधीं किंचित् चढ्या सुरांत वाजवितो. आंकडे तेच ठेवून ते थोडे जलद पाठविले कीं सूर चढतो. फितीच्या यंत्रांत हें करणें जिकिरीचें होतें. येथें एक आंकडा बदलला कीं झालें.

दुसरें एक निरीक्षण दक्षिण आफ्रिकेंतील क्रूगरच्या विस्तीर्ण जंगलांतलें, २०२३ सालीं प्रसिद्ध झालेलें. तेथील पाणवठ्यांवर येणाऱ्या जनावरांना भोंग्यांतून कधीं सिंहांची गुरगुर ऐकविली, कधीं कुत्र्यांचें भुंकणें व बंदुकीचे बार, तर कधीं माणसांचें अगदीं साधें, संथ बोलणें. माणसाचें बोलणें ऐकून पळण्याची शक्यता सिंहाच्या आवाजापेक्षां दुप्पट दिसली, आणि पाणवठा सोडण्याची त्वरा सुमारें ४० टक्क्यांनीं अधिक. त्या जनावरांत हत्ती, गेंडे, जिराफ होते, तसेच डुकराच्या कुळांतले वार्टहॉगहि होते. क्रूगर म्हणजे वर्धा नव्हे, हें खरेंच. येथील डुकरें गांवाच्या कडेलाच वाढतात. वाटेनें बोलत जाणाऱ्या माणसाचें त्यांना फारसें भय उरलेलें नाहीं. परंतु वाटेवरचें बोलणें निराळें आणि पाठोपाठ दगड घेऊन येणाऱ्या जागल्याची आरोळी निराळी.

आणि आंकड्यांच्या दृष्टीनें पाहतां ही आरोळी फारच सोयीची आहे. माणसाच्या आवाजांतील ओळखीचा भाग ३०० ते ३,४०० हर्ट्झच्या पट्ट्यांत येतो. टेलिफोन शंभर वर्षांहून अधिक काळ तेवढ्यावरच चालला आहे. लहान भोंगा नेमका तेवढाच पट्टा मोकळेपणानें बाहेर टाकतो. सेकंदाला ८,००० मापें त्याला पुरतात, आठ बिटांच्या पायऱ्या त्याला चालतात, आणि पांच सेकंदांच्या आरोळीला चाळीस हजार आंकडे लागतात, जे त्या चिपेजवळच्या सांठ्यांत सहज मावतात. जो परिवर्तक वाघाची अर्धवट नक्कल करूं शकतो, तोच शेतकऱ्याचा आवाज जवळजवळ जसाच्या तसा परत देतो.

तेव्हां असें यंत्र लावणाऱ्यानें बाजारांतून वाघ विकत आणण्यापूर्वीं स्वतःचीच आरोळी टिपून घ्यावी: एकदां धुऱ्यावरून, एकदां विहिरीपासून, एकदां भावाला हांक मारतांना, एकदां कुत्र्याला सोडतांना. गाळण्या दोन घालाव्या, शांतता १२८ वर ठेवावी, भोंग्याचें तोंड नाल्याकडे करावें. आणि आठवड्यांतून एखाद्या रात्रीं, भोंगा वाजला कीं, अंथरुणांतून उठून बत्ती व काठी घेऊन खरोखरच त्या बाजूला दहा पावलें जावें. आरोळी आंकड्यांची आहे, पण तिच्यामागें माणूस असतो, हें कळपाला अधूनमधून दिसत राहिलें पाहिजे.